अस्मिता नावाचा क्लेश

योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात, म्हणजे प्रकरणात, पतंजलींनी पाच क्लेश सांगितले आहेत: अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश. मराठी वाचक या यादीतल्या दुसऱ्याच शब्दापाशी थबकतो. ज्या शब्दासाठी आपल्याकडे सभा भरतात आणि अग्रलेख लिहिले जातात, ज्याला धक्का लागला म्हणजे माणसे रस्त्यावर उतरतात, तो शब्द इथे दुःखाच्या मुळांमध्ये मांडलेला असतो, आणि तोही अविद्येच्या लगेच खाली. आमच्या वाचनमंडळात हे सूत्र आले त्या दिवशी एका ज्येष्ठ सदस्यांनी पुस्तक मिटून विचारले, "म्हणजे आपली अस्मिता हा दोष आहे, असे म्हणायचे आहे का?" प्रश्नात चीड नव्हती, त्यांना उत्तर हवे होते, आणि ते उत्तर शोधताना योगशास्त्राच्या सगळ्याच संज्ञांकडे पाहण्याचा माझा रोख बदलत गेला.

उत्तर पुढच्याच काही सूत्रांत आहे. "दृग्दर्शनशक्त्योरेकात्मतेवास्मिता." पाहणारा वेगळा आहे आणि ज्याच्या योगे पाहिले जाते ते साधन वेगळे आहे, सांख्यांच्या भाषेत बोलायचे तर एक पुरुष आणि दुसरी बुद्धी. हे दोन्ही जणू एकच आहेत असे वाटणे, म्हणजे अस्मिता. या व्याख्येत ताठा नाही, आणि भाषेचा, प्रांताचा किंवा कुळाचा उल्लेखही नाही. गर्व निर्माण होण्याच्या कितीतरी आधीची ही पायरी आहे. बुद्धीत आनंद उमटला की 'मी आनंदी', बुद्धीत अपमानाची सल उमटली की 'मी अपमानित', असे जे विचारालाही अवसर न देता घडून जाते, त्या घडण्याला पतंजली हे नाव देतात. त्यामुळे स्वतःला क्षुद्र समजणाऱ्या माणसाची अस्मिता गर्विष्ठ माणसाच्या अस्मितेपेक्षा रतीभरही कमी नसते. सूत्रातील 'इव', म्हणजे 'जणू', हे अक्षरद्वय मला फार मोलाचे वाटते. दोघे एक झालेले नाहीत, झाल्यासारखे वाटतात. ते खरोखरच एक झाले असते तर सुटकेचा मार्ग उरला नसता आणि योगशास्त्र रचण्याचे प्रयोजनही उरले नसते.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पहिल्या पादात संप्रज्ञात, म्हणजे विषयाचे भान असलेल्या, समाधीच्या पायऱ्या सांगताना पतंजलींनी वितर्क, विचार, आनंद आणि अस्मिता असा क्रम लावला आहे. म्हणजे जी अस्मिता क्लेश आहे, तिचेच अत्यंत निवळलेले रूप, ज्यात 'मी अमुक' यातला 'अमुक' गळून पडून केवळ असण्याची जाणीव शिल्लक राहते, ते समाधीच्या वरच्या पायरीवर आढळते. यावरून एवढे नक्की होते की क्लेश हा नैतिक ठपका नव्हे. ती एक गाठ आहे, आणि ती किती आतपर्यंत गेलेली आहे याचे हे वर्णन आहे. सभेतली अस्मिता आणि सूत्रातली अस्मिता यांचा काही संबंधच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. भाषेचा अभिमान बाळगावा, तिच्यासाठी झटावे, असे मला मनापासून वाटते. पण त्या झटण्यात 'माझ्या भाषेला कमी लेखले' आणि 'मला कमी लेखले' ही दोन वाक्ये एकच कधी होऊन जातात हे पाहता येऊ लागले, तर सूत्रकारांचे बोट नेमके कुठे आहे ते कळते.

प्रत्येक शास्त्राची आपली परिभाषा असते आणि ती त्या शास्त्रातल्या व्याख्येनेच वाचायची असते, हे तत्त्व आपल्याला व्याकरणात किंवा गणितात सहज मान्य होते. योगाच्या बाबतीत मराठी माणसाची अडचण अशी की ही परिभाषा त्याच्या तोंडात आधीपासूनच असते. विकल्प, प्रमाण, संयम, समाधी, वृत्ती, विभूती, उपेक्षा, अभिनिवेश हे सगळे शब्द आपण शाळेच्या निबंधांत वापरलेले असतात. ज्याला 'संयम' हा ध्वनीच सर्वस्वी नवा आहे, असा परदेशातील अभ्यासक मुकाट्याने व्याख्येकडे वळतो. आपण वळत नाही, कारण संयम म्हणजे मन आवरणे हे आपल्याला ठाऊकच असते. पतंजलींचा संयम मात्र धारणा, ध्यान आणि समाधी ही तिन्ही एकाच विषयावर एकवटण्याला दिलेले नाव आहे: "त्रयमेकत्र संयमः". जिभेवर ताबा ठेवणे किंवा राग गिळणे याच्याशी त्याचा संबंध नाही. समाधीचेही तसेच झाले. आळंदीला जाऊन आपण समाधीचे दर्शन घेतो, त्यामुळे तो शब्द उच्चारताच डोळ्यांसमोर एक स्थान उभे राहते, चित्ताची अवस्था उभी राहत नाही.

या सगळ्यांत सर्वांत अधिक शिकवले ते 'विकल्प' या संज्ञेने. मराठीत विकल्प म्हणजे पर्याय. जुन्या वळणाच्या बोलण्यात मनात विकल्प येणे म्हणजे शंका येणे. पतंजलींनी चित्ताच्या पाच वृत्तींमध्ये प्रमाण, म्हणजे यथार्थ ज्ञान, आणि विपर्यय, म्हणजे चुकीचे ज्ञान, यांच्यानंतर विकल्प ठेवला आहे आणि त्याची व्याख्या केली आहे ती अशी: "शब्दज्ञानानुपाती वस्तुशून्यो विकल्पः". शब्द आहे, शब्दामुळे होणारे ज्ञान आहे, पण त्या ज्ञानाला जुळणारी वस्तू नाही, अशी वृत्ती. योगसूत्रांवरील व्यासभाष्याने दिलेले उदाहरण विलक्षण आहे. 'चैतन्य हे पुरुषाचे स्वरूप आहे' असे आपण म्हणतो; पण पुरुष म्हणजेच जर चैतन्य, तर कोणाचे काय आहे म्हणून सांगायचे? 'चैत्राची गाय' म्हणताना चैत्र वेगळा आणि गाय वेगळी असते, म्हणून तिथे षष्ठी विभक्ती सार्थ ठरते. इथे भाषेने एका वस्तूच्या दोन केल्या. भाष्यकार हे दाखवण्यासाठी निवडतात ते आपल्याच दर्शनातले मूलभूत विधान, ही त्यांची निर्भयता मला थक्क करते.

विपर्यय आणि विकल्प यांतील भेदही बारकाईने पाहण्यासारखा आहे. दोरीवर साप दिसला तर तो विपर्यय, आणि दिवा आणल्यावर तो नाहीसा होतो. विकल्प दिवा आणल्यावरही टिकून राहतो. पृथ्वी फिरते हे शाळेत शिकूनही आपण 'सूर्य उगवला' म्हणतो, आणि त्यात कोणाची फसगत होत नाही. योगवर्गात हा अनुभव पदोपदी येतो. 'श्वास पोटात घ्या' असे शिक्षक सांगतात. श्वास पोटात जात नाही. श्वासपटल खाली सरकते आणि पोटाची भिंत पुढे येते. तरीही ती सूचना ऐकून श्वास खोल होतो, हे खरे. विकल्प त्याज्य आहे असे पतंजली म्हणत नाहीत. वृत्ती क्लिष्ट असतात तशा अक्लिष्टही असतात, म्हणजे बांधणाऱ्या असतात तशा सोडवणाऱ्याही असतात. जे सांगितले गेले ते सूचना म्हणून उपयोगी आहे की वस्तूचे वर्णन म्हणून खरे आहे, एवढा विवेक मात्र सुटू नये. आज चक्रांविषयी आणि ऊर्जेविषयी जे भरभरून बोलले जाते, त्यातला पुष्कळसा भाग ऐकणाऱ्यासाठी शब्दज्ञानापलीकडे गेलेला नसतो, आणि हे ओळखण्याचे साधन त्याच शास्त्राने पहिल्या पादाच्या नवव्या सूत्रातच हाती दिलेले आहे.

आता आसनाकडे येते, कारण संज्ञा शरीराने वाचता येतात हे मला तिथे कळले. योगसूत्रांची संख्या 195 आहे, काही प्रतींत 196. त्यांतली आसनासाठी केवळ तीन. आजच्या वर्गांत शिकवली जाणारी बहुतेक आसने पतंजलींनी सांगितलेली नाहीत. हठप्रदीपिकेत पंधरा आसनांचे वर्णन आहे, घेरंडसंहितेत बत्तिसांचे, आणि हठयोगाचे हे दोन्ही ग्रंथ सूत्रांच्या मानाने बरेच अलीकडचे. व्यासभाष्यात जी नावे येतात, पद्मासन, वीरासन, भद्रासन, स्वस्तिक, दंडासन, सोपाश्रय, पर्यंक, क्रौंचनिषदन, हस्तिनिषदन, उष्ट्रनिषदन, ती बहुतेक बैठकीची आहेत. यातल्या 'सोपाश्रय' या नावाने मला विशेष आनंद दिला. उपाश्रयासह, म्हणजे आधार घेऊन बसणे. या भाष्याचे टीकाकार वाचस्पती मिश्र तिथे योगपट्टाचा उल्लेख करतात. हंपीच्या नरसिंहाच्या भव्य मूर्तीत दोन्ही गुडघ्यांभोवती वेढलेला जो पट्टा कोरलेला आहे, तोच हा योगपट्ट. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टे, लाकडी ठोकळे, दोर आणि खुर्च्या यांचा पद्धतशीर उपयोग सुरू केला, तेव्हा ही योगातील तडजोड आहे असे म्हणणारे पुष्कळ होते, आणि आजही गुडघे दुखणारी वयस्क माणसे आधार मागताना ओशाळतात. आधार भाष्यातच सांगितलेला आहे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

"स्थिरसुखमासनम्" हे सूत्र भिंतींवर लिहिलेले पुष्कळ ठिकाणी दिसते. त्याच्या पुढचे सूत्र क्वचितच कोणी उच्चारते: "प्रयत्नशैथिल्यानन्तसमापत्तिभ्याम्". स्थैर्य आणि सुख साधायचे कसे, याचे उत्तर त्यात आहे. सैल करायचे आहेत ते प्रयत्न. शरीर सैल सोडायला सूत्र सांगत नाही. हा फरक मला वीरभद्रासनात उभी असताना उमगला. मांडीचे स्नायू काम करत होते आणि त्यांनी काम करायलाच हवे होते. पण त्याच वेळी जबडा आवळलेला होता, जीभ टाळूला चिकटली होती, भुवया जवळ आल्या होत्या. त्या आसनाला जबड्याची काहीही गरज नाही. जिथे गरज नाही तिथला प्रयत्न काढून घेतला तेव्हा मांडीचे थरथरणे कमी झाले आणि श्वास पुन्हा चालू लागला. पहिल्या पादात विक्षेपांचे सोबती सांगताना पतंजलींनी दुःख आणि दौर्मनस्य यांच्यानंतर 'अंगमेजयत्व', म्हणजे अंगाचा कंप, आणि त्यानंतर श्वास-प्रश्वास यांची गणना केली आहे. मनाच्या विखुरण्याच्या यादीत स्नायूंचा कंप आणि श्वासाची ओढाताण यावी, ही निरीक्षणाची सूक्ष्मता मला कोणत्याही अलंकारिक वर्णनापेक्षा मोठी वाटते.

सूत्राचा दुसरा अर्धा, अनंतसमापत्ती, हा वादाचा आहे. कोणी त्याचा अर्थ अंतहीन अवकाशाशी एकरूप होणे असा घेतात. वाचस्पती मिश्र मात्र अनंत म्हणजे नागनायक शेष असे स्पष्ट म्हणतात, ज्याने आपल्या हजार स्थिर फणांवर पृथ्वी तोलून धरली आहे. मला दुसरा अर्थ अधिक पटतो. इतका प्रचंड भार पेलूनही जो हलत नाही, त्याच्या ठिकाणी चित्त लावून बसायचे, यात भार नाहीसा व्हावा अशी अपेक्षा नाही. भार असतानाच स्थैर्य मागितलेले आहे. अवकाशाच्या कल्पनेत भारच उरत नाही, आणि आसनात तर तो असतोच.

प्रयत्नशैथिल्याचा सर्वांत कठीण पाठ उड्डियान बंधाचा आहे. श्वास पूर्ण बाहेर सोडून कंठ बंद करायचा आणि जणू श्वास आत घेत आहोत अशा रीतीने बरगड्या फुलवायच्या. हवा आत जाऊ शकत नसल्यामुळे पोट आपोआप आत आणि वर ओढले जाते. नवशिका पोटाचे स्नायू आवळून ते आत ढकलू पाहतो, आणि आवळलेले पोट वर जातच नाही. पोटाने काहीच करायचे नसते. ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात या बंधाचे वर्णन करताना "बंधु पडे किरीटी । वोढियाणा तो ॥" असे म्हटले आहे. उड्डियानाचा 'वोढियाणा' करून, नाथपंथाची ही गुप्त राखलेली क्रिया शके 1212 मध्ये मराठीत सांगताना ते बंध 'करावा' म्हणत नाहीत, तो 'पडतो' म्हणतात. ज्याने हा बंध कधी साधला आहे त्याला या क्रियापदाची अचूकता कळेल. पुढे 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी उड्डियान आणि नौली, म्हणजे पोटाचे स्नायू फिरवण्याची क्रिया, चालू असताना शरीराच्या आतील दाब उपकरणांनी मोजला, क्ष-किरणांची छायाचित्रे घेतली आणि नौलीत हा दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो हे आपल्या 'योगमीमांसा' या त्रैमासिकात मांडले. संज्ञेचा आदर कसा करावा याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. त्यांनी तिची आरती केली नाही आणि ती टाकूनही दिली नाही; तिने जे सांगितले ते खरोखर घडते का, हे त्यांनी पाहिले.

काही संज्ञांची पडताळणी मात्र उपकरणांनी होत नाही. मराठीत अभिनिवेश म्हणजे आवेश, हट्टाग्रह. वक्ता अभिनिवेशाने बोलतो. पतंजलींच्या यादीत तो जगण्याला धरून राहण्याच्या ओढीचे नाव आहे: "स्वरसवाही विदुषोऽपि तथारूढोऽभिनिवेशः". आपल्याच रसाने वाहत राहणारा आणि विद्वानांच्याही ठिकाणी तसाच रुजलेला. भाष्यात त्या ओढीचे शब्दही दिले आहेत: "मा न भूवं भूयासम्", म्हणजे मी नाही असे न होवो, मी असावे. नुकत्याच जन्मलेल्या किड्यालाही ही ओढ असते, असे भाष्य म्हणते. माझे वडील संस्कृतचे शिक्षक होते आणि हे सूत्र त्यांनी अनेकांना शिकवले होते. शेवटच्या आजारात ते रात्री दिवा मालवू देत नसत. कोणी खोलीतून उठले की 'कुठे निघालात?' असे विचारत, आणि विचारण्यात जरब नसे, काकुळती असे. एका रात्री मी त्यांच्या उशाशी बसले असताना ते म्हणाले, "विदुषोऽपि. त्यातला 'अपि' मी वर्गात नेहमी घाईने उरकला." मला काय बोलावे ते कळेना. त्यांनीच पुढे सांगितले, की विद्वानांनाही भीती असते असे म्हणून पतंजली विद्वानांना हिणवत नाहीत. ज्ञान झाले म्हणजे भीती जाते असा जो शब्दाचा भरवसा आपण बाळगतो, तेवढा ते काढून घेतात. सूत्रकारांनी क्लेशांची सूक्ष्म रूपे प्रतिप्रसवाने, म्हणजे ती ज्यातून निघाली त्यात परत विरवूनच, नष्ट होतात असे सांगितले आहे, वाचनाने नव्हे. त्याआधी क्रियायोगाकडून, म्हणजे तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान यांच्याकडून, अपेक्षा ठेवली आहे ती क्लेश 'तनू' करण्याची, पातळ करण्याची. वडिलांना हा शब्द फार आवडे. त्या दिवसांत त्यांची भीती गेली नाही, पण ती लपवण्याचा प्रयत्न गेला, आणि आम्ही दिवा लावलेल्या खोलीत सूत्रांवर पुष्कळ बोललो.

उरली उपेक्षा, आणि तिच्याविषयी माझे मन अजून एका जागी ठरत नाही. पहिल्या पादात चित्तप्रसादनाचा उपाय म्हणून सुखी माणसांविषयी मैत्री, दुःखितांविषयी करुणा, पुण्यवंतांविषयी मुदिता, म्हणजे आनंद, आणि पाप करणाऱ्यांविषयी उपेक्षा सांगितली आहे. मराठीत उपेक्षा म्हणजे हेळसांड. उपेक्षित समाज, उपेक्षित कलावंत. त्या अर्थाने वाचले तर हा उपदेश कठोर वाटतो, आणि 'तटस्थता' असा अर्थ घेतला तर तो भित्रा वाटण्याची शक्यता असते. बौद्ध परंपरेत याच चारही भावना ब्रह्मविहार म्हणून येतात, आणि तिथे उपेक्खा ही चौघींमध्ये शेवटची आणि प्रगल्भ अवस्था मानली जाते. ती जोपासायची असते. इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेच्या शिबिराला बसलेल्या मराठी माणसाला ती याच अर्थाने परिचित असते. व्यासभाष्य मात्र वेगळे म्हणते. तिसऱ्या पादात मैत्री इत्यादींवर संयम केल्याने बळ मिळते असे सूत्र आहे, आणि तिथे भाष्यकार तीनच भावना मोजतात. पापशीलांविषयी उपेक्षा असते, पण ती भावना नव्हे, म्हणून तिच्या ठिकाणी समाधी नाही आणि तिच्यापासून बळही नाही, असे ते स्वच्छ लिहितात.

या दोन मतांत मी आज व्यासांच्या बाजूला झुकते. ज्याने माझ्या घरातल्या माणसाचे उघड नुकसान केले, अशा एका परिचिताबद्दल मी बराच काळ समभाव जोपासण्याचा प्रयत्न करत होते, आणि त्या प्रयत्नात तो माणूस रोज पहाटे माझ्या ध्यानाला येऊन बसत होता. भाष्य वाचल्यावर मी त्याला विषय करणे सोडले. उपेक्षा म्हणजे त्याच्याकडे चित्त लावायचेच नाही. जे बोलायचे ते समोरासमोर बोलावे, जो दावा करायचा तो करावा, पण बैठकीवर त्याला जागा देऊ नये. यात अन्याय सहन करण्याचा उपदेश कुठेही नाही, कारण सूत्र बोलते आहे ते चित्ताच्या निर्मळतेविषयी, न्यायाविषयी नाही. बौद्ध आचार्य यावर म्हणतील की जो विषय टाळला त्याविषयीचा द्वेष केवळ 'विच्छिन्न' झाला, म्हणजे दुसऱ्या वृत्तीच्या आड गेला, आणि निमित्त मिळताच तो पुन्हा वर येईल. क्लेशांच्या प्रसुप्त, तनू, विच्छिन्न आणि उदार या चार अवस्था पतंजलींनीच सांगितल्या असल्यामुळे हा आक्षेप त्यांच्याच शब्दांत घेता येतो, आणि तो बिनतोड आहे. माझा द्वेष तनू झाला आहे की विच्छिन्न, याचा निर्णय तो माणूस पुन्हा समोर उभा राहील तेव्हाच होईल. पुढच्या महिन्यात एका लग्नात आमची गाठ पडणार आहे.